राखेवरची ओळ

सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या त्या म्हाताऱ्या मास्तरांना मुलं 'हळूसर' म्हणत. बीकर हळू ठेवा, झाकण हळू उघडा, जिना हळू उतरा, असं ते दिवसातून पन्नासदा म्हणत, आणि स्वतः इतकं हळू बोलत की मागच्या दोन बाकांना विज्ञान बहुतेक ओठांच्या हालचालींवरूनच शिकावं लागे. हे नाव त्यांच्या कानावर आलेलं होतं. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. बत्तीस वर्षांत मुलांनी याहून वाईट काही ठेवलं नाही हेच पुष्कळ, असं ते मनाशी म्हणत.

शाळेत त्यांचा बोलबाला असलाच तर दोन गोष्टींसाठी होता. पहिली म्हणजे कसलंही अक्षर वाचणं. ज्या उत्तरपत्रिकेपुढे बाकीच्या बाई आणि सर हात टेकत, ती शेवटी त्यांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये येऊन पडे. चष्मा कपाळावर सरकवून, कागद नाकाशी नेऊन ते म्हणत, "हं... 'घनता' लिहिलंय त्याने. घाई झाली असेल." शेजारीपाजारी डॉक्टरांच्या चिठ्ठ्याही त्यांच्याकडून वाचून घेत.

दुसरी गोष्ट म्हणजे कागदाचा तास. भौतिक आणि रासायनिक बदलांचा धडा आला की सर त्याच ट्रेमधला एखादा रद्दी कागद उचलत आणि मधोमध फाडत. "कागद फाटला. पण कागदाचं दुसरं काही झालं का?" "नाही!" मग एक तुकडा चिनीमातीच्या बशीत ठेवून ते काडी लावत. तो काळा पडून आक्रसला की एखाद्या मुलाला पुढे बोलवत, ती राख चिमटीत चुरायला लावत आणि म्हणत, "आता याचा परत कागद करून दाखव बरं." वर्ग हसे. वर्षभरात त्यांच्या तासाला वर्ग मोठ्याने हसायचा तो एवढाच.

त्या दिवशी ट्रेमध्ये सगळ्यात वर चार घड्या घातलेला एक कागद होता. सरांनी तो उघडला. वर छापील रकाने होते: वेळ, मात्रा, सही. कुठल्यातरी कचेरीचा टाकाऊ तक्ता. पलीकडची बाजू त्यांनी पाहिली नाही.

नेहमीसारखाच फाडला. वरचा तुकडा टेबलावर ठेवला, खालचा बशीत जाळला. ज्योत विझली तेव्हा बशीत पानासारखी वळलेली काळी राख उरली. तीही नेहमीसारखीच.

"कोण येतंय चुरायला?" चार-पाच हात वर झाले. सरांनी मुद्दाम हात वर न करणाऱ्या मुलीला बोलावलं. ती पहिल्याच बाकावर बसे. तोंड उघडत नाही म्हणून वर्गात तिला 'शिंपली' म्हणत. महिन्याभरापूर्वी तिचे वडील गेले होते, हे सरांनी शिक्षकांच्या खोलीत ऐकलं होतं. तेव्हा तिच्याशी दोन शब्द बोलायला हवे होते. पण काय बोलावं हे ठरवता ठरवता आठवडा गेला, आणि मग उशीर झाल्यासारखं वाटलं. आज निदान तिला पुढे बोलवावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

ती आली. बशी दोन्ही हातांत धरून उभी राहिली. राखेला बोट लावेना.

"चूर की! हात काळा होईल म्हणून घाबरली!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि वर्ग हसला.

चारचौघांत उभं केल्यावर हातपाय कसे गळतात, हे सरांना कोणी सांगायला नको होतं. "असू दे," ते म्हणाले. "बशी ठेव. जागेवर जा. हळू." तिने बशी इतकी हळू ठेवली की काचेच्या टेबलावर आवाजसुद्धा झाला नाही.

शाळा सुटली. सर उपकरणं गोळा करत होते. प्रयोगशाळेच्या मावशी आदल्या दिवशीची अंड्याची भांडी धुवायला नेत होत्या. आदल्या दिवशी घनतेचा तास झाला होता. साध्या पाण्यात अंडं तळाला गेलं, मीठ विरघळवत नेलं तसं वर आलं. मावशींना हा प्रयोग मुळीच आवडत नसे, कारण अंडं त्यांना घरून आणावं लागे.

"सर," दारातून आवाज आला. शिंपली दप्तर पोटाशी धरून उभी होती. "राख घेऊ का?"

"राख? राख कशाला, बाळ?"

"ते माझ्या बाबांचं होतं."

सरांना आधी नीट कळलंच नाही. तिने टेबलावरचा उरलेला तुकडा उचलला आणि उलटा करून त्यांच्यापुढे धरला. मागच्या बाजूला पेन्सिलीने मोठ्या, थरथरत्या अक्षरांत लिहिलेलं होतं: *आज दोन चमचे पाणी गेलं. आईला घरी पाठव, ती झोपली नाही.* त्याच्या खाली कागद फाटलेला होता.

सर स्टुलावर बसले.

वडील सुतार होते, हे तिने सांगितलं. एकेका वाक्यात, मधेमधे थांबत. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना बोलता येत नव्हतं. दवाखान्यात खाटेला अडकवलेल्या तक्त्याच्या पाठीवर ते लिहून सांगत. पेन्सिल तिचीच, शाळेची. हा शेवटचा कागद. त्यातली शेवटची ओळ कोणालाच लागत नव्हती.

"मग तू इथे ट्रेमध्ये..."

"तुम्ही वाचाल म्हणून ठेवला होता."

"अगं, मग सांगायचं नाही का मला? फाडताना तरी?"

"तुम्ही शिकवत होता," ती म्हणाली.

मावशी भांडी खाली ठेवून आल्या होत्या. त्यांनी तो तुकडा वाचला आणि सरांकडे वळल्या. "बत्तीस वर्षं मुलांच्या कानीकपाळी ओरडताय, आधी नीट बघा, मग हात लावा. तुम्ही काय बघितलंत?"

"रकाने," सर म्हणाले.

"रकाने!" मावशींनी कपाळाला हात लावला. मग त्यांचा आवाज उतरला. "पोरी, आई काय म्हणते? काय लिहिलं होतं त्यात?"

"आई म्हणते, 'नीट अभ्यास कर' असं आहे. पण आईला ते वाचता येत नव्हतं. मला बरं वाटावं म्हणून म्हणते." ती बशीकडे बघत होती. "दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. चाचणी होती. आई म्हणाली, संध्याकाळी जा. दुपारीच ते गेले. मला एवढंच बघायचंय की त्यांनी मला बोलावलं होतं का."

चाचणी कोणत्या विषयाची होती, हे सरांनी विचारलं नाही. तारीख त्यांना पाठ होती. प्रश्नपत्रिका त्यांनीच काढली होती.

सर एकदम उठले आणि बशीवर वाकले. कधीकाळी कुठेतरी वाचलेलं त्यांना आठवलं होतं. पण वाचलेलं ऐनवेळी उपयोगी पडतं, असा त्यांचा अनुभव नव्हता. "पेन्सिलीत ग्रॅफाइट असतं," ते पुटपुटले. "एवढ्याशा ज्योतीने ते जळत नाही. कागद जळतो, रेघ राहते. तिरप्या उजेडात ती चकाकते म्हणतात. म्हणजे... मी करून पाहिलेलं नाही."

"मग बघा ना!" मावशी म्हणाल्या.

"ती वळलीय. उलगडायला गेलो तर चुरा होईल." सरांनी बशी उजेडाकडे फिरवली. "पाण्यावर तरंगवली तर कदाचित पसरेल. पण भिजली की बुडेल."

"कालचं मिठाचं पाणी अजून ओतलेलं नाही मी. अंडं तरंगतं त्यावर, मग ही राख नाही तरंगणार?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये, याचं त्यांना आणखी वाईट वाटलं.

पसरट काचेच्या थाळीत मिठाचं पाणी ओतलं. बशी पाण्याला टेकवून सरांनी ती अगदी हळू तिरपी केली. राख घसरली, पाण्यावर डुलली. एक कडा तुटून वेगळी झाली तेव्हा मुलीने श्वास आत ओढला. वळलेलं काळं पान खालून ओलं होत गेलं आणि झोपेतून हात मोकळा व्हावा तसं सैलावू लागलं. कडांना ते पांढुरकं झालं होतं, तिथे काही उरलं नव्हतं. मधला भाग काळा होता.

"विजेरी धरा, मावशी. बाजूने. आणखी खाली."

काळ्यावर काळंच दिसत होतं. मग सरांनी मान तिरकी केली आणि एक रेघ चमकली, गोगलगाय गेल्यावर भिंतीवर उरते तशी. तिच्या शेजारी दुसरी. पेन्सिल बोथट होती. रेघा जाड होत्या, एकीत एक घुसलेल्या. एवढं वेडंवाकडं अक्षर सरांनी जन्मात पाहिलं नव्हतं. तरी ते वाचत गेले. कोणी आजारी माणूस उताणा पडून, गुडघ्यावर तक्ता धरून लिहील तर हात कुठे घसरेल, याचा अंदाज घेत गेले. आणि एका क्षणी सगळी ओळ आपसूक लागली.

*उद्या येताना शार्पनर आण.*

मुलगी थाळीच्या पलीकडे होती. तिथून तिला नुसती राख दिसत असणार. ती राखेकडे बघतही नव्हती. सरांच्या तोंडाकडे बघत होती.

वाटेल ते सांगता आलं असतं. 'नीट अभ्यास कर' सांगता आलं असतं. आईचंही खरं ठरलं असतं.

"'शार्पनर आण,'" सर म्हणाले. "पेन्सिलीचं टोक गेलं होतं. म्हणून तर अक्षर लागत नव्हतं."

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. "घरी ते पटाशीने टोक काढायचे. मला हसायचे. म्हणायचे, सुताराच्या घरात शार्पनर कशाला." मग तिने थाळीकडे बोट दाखवलं. "आणि त्याच्या आधी? आधी काय आहे?"

सरांनी पाण्याकडे पाहिलं. 'उद्या येताना' तिथे अजून चकाकत होतं. चाचणीत असं अर्धवट उत्तर लिहिणाऱ्याला ते अर्धा गुण देत आणि बाजूला बारीक अक्षरात लिहीत, 'पूर्ण लिही'.

"आधीचं पांढरं पडलंय," ते म्हणाले. "दिसत नाही."

मावशी त्यांच्या खांद्यामागेच उभ्या होत्या. त्यांनीही ती ओळ वाचली होती की नाही, कोण जाणे. त्यांनी विजेरी विझवली.

राख आता पुरती भिजली होती. तिचा एक कोपरा खाली गेला, मग दुसरा, आणि ती तिरकी होत, कसलाही आवाज न करता, थाळीच्या तळाला जाऊन टेकली. मिठाच्या पाण्याने तिला जेवढं धरायचं तेवढं धरलं होतं.

मुलीने दप्तर उघडलं. कंपासपेटीतून एक लाल शार्पनर काढून तळहातावर ठेवला.

"हा होता माझ्याकडे," ती म्हणाली. "चाचणीच्या दिवशीसुद्धा. ह्यातच होता."

"बाळ..."

"आण म्हणाले, म्हणजे मी येणार असंच त्यांना वाटत असणार ना?"

सर काही बोलले. ते इतकं हळू होतं की मावशींना ऐकू गेलं नाही. पण मुलगी पहिल्या बाकावर बसत असली तरी हळूसरांचीच विद्यार्थिनी होती. ओठांवरून तिला कळलं असावं. तिने मान हलवली, उरलेला तुकडा वहीत घातला, वही दप्तरात घातली आणि गेली. रडली नाही. जिना मात्र ती नेहमीपेक्षा हळू उतरत होती. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकल्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

"ओतू का हे?" थाळीला हात लावत मावशींनी विचारलं.

"राहू दे."

थाळी खिडकीपाशी राहिली. दुसऱ्या तुकडीला सरांनी तोच धडा पुस्तकातून वाचून दाखवला. "सर, कागद जाळायचा नाही?" असं एकाने विचारलं, तेव्हा काड्यापेटी संपलीय म्हणाले. शिंपली रोज येत होती, पहिल्या बाकावर बसत होती, विचारलं तर बरोबर उत्तर देत होती. तिला पूर्ण ओळ सांगावी, असं सरांना रोज सकाळी वाटे आणि तास सुरू झाला की वाटेनासं होई. तिला ती माहीत आहे, असंही वाटे. मग आपण लपवलं कुणापासून, हे त्यांना उमगत नसे.

आठवड्याभरात पाणी आटलं. मीठ जसंच्या तसं परत आलं होतं, कडेला जाड, मध्ये पातळ, आणि त्यात ते काळं अडकून पडलं होतं. सरांनी थाळी तिरपी करून उजेडात धरली. चष्मा कपाळावर सरकवला, नाकाशी नेली, बराच वेळ इकडून तिकडून पाहिली.

मग ती पुन्हा होती तिथे ठेवली. हळू.