पुढे केलेला हात

"कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. मी कानात सांगेन ते ऐकायचं, आणि ऐकून झालं की डोळे मिटायचे नाहीत. कळलं ना, राणी?"

लहानपणी केलेल्या मालिकेतल्या मदतनीस काकांचा आवाज चारुताच्या कानात अजून होता. मऊ, बडीशेपेच्या वासाचा. देवळीच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रकाच्या खोलीत ती माईकपुढे बसली, की कधीकधी आधी तो आवाज येई आणि मग तिचा स्वतःचा.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. वर्ध्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे."

समोरच्या स्टुलावर गुंजन फोन हातात धरून बसली होती. नागपूरहून ती चारुताच्या आठवणींचं पुस्तक लिहून घ्यायला येत असे. आज मात्र तिने आल्या आल्या डबासुद्धा उघडला नव्हता. चारुताच्या आईने, देवकाबाईंनी, तिच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू दिले होते. करून सगळ्यांना देत, पण स्वतः कणभरही गोड खात नसत. देवळातला प्रसादसुद्धा कपाळाला लावून शेजारणीच्या हातावर ठेवत. चारुताला कळायला लागल्यापासून हे असंच होतं. आईचे नेम पुष्कळ, त्यातला हा एक, एवढंच ती समजून होती.

पुस्तक जवळजवळ झालं होतं. सेलूच्या हरिभाऊ मास्तरांची आठ वर्षांची मुलगी टीव्हीवर चिमी झाली, हरवलेला बाप शोधत फिरणारी, आणि रविवारी संध्याकाळी घराघरांत बायका तिच्याबरोबर रडायला लागल्या, हे लिहून झालं होतं. चित्रीकरणासाठी मायलेकी कोल्हापूरला राहत, मास्तर शाळेसाठी सेलूलाच. रडू आणायला डोळ्यांत घालायच्या औषधाने चारुताचे डोळे सुजत. म्हणून काका कानात सांगत, "तुझे बाबा गेले." ती रडे. शॉट संपला की ते म्हणत, "खोटं होतं गं," आणि हातावर चॉकलेट ठेवत. आई तेव्हा बाहेर, मेकअपच्या खोलीत, जपमाळ घेऊन बसलेली असे. चारुताने हे हसत सांगितलं होतं. गुंजन हसली नव्हती.

पुढे उंची वाढली, दात पुढे आले, चिमी दुसरीच कुणी झाली. मग शिक्षण, लग्न. नवऱ्यापुढे एकदा डोळे भरले तर तो म्हणाला होता, "हे खरं हाय का ॲक्टिंग?" त्यानंतर ती कुणापुढे रडली नाही. लग्न मोडलं तेव्हाही नाही. तेही लिहून झालं होतं.

राहिलं होतं ते बाबांचं प्रकरण.

"त्यात काय लिहायचं?" चारुता दर वेळी म्हणे. "लिही, की मी रडले नाही."

बाबा अचानक गेले. आई तिला घेऊन सेलूला आली. ओसरीवर बाबांना निजवलेलं, घर माणसांनी भरलेलं, आणि चारुता खांबाला टेकून फाटकाकडे बघत उभी. आत्या रुख्माबाई सगळ्यांदेखत बोलली होती, "टीव्हीत पूर आणते पोट्टी, न् बापासाठी एक टिपूस नाई. नटवी कुठली!" तो शब्द तिच्या अंगाला असा चिकटला, की तिने स्वतःही तो खरा मानला. आपल्या काळजात काहीतरी कमी आहे, हे तिने केव्हाच स्वीकारलं होतं. पुस्तकात ते कबूल करायचं, एवढंच धाडस तिला करायचं होतं.

"ताई," गुंजन म्हणाली, "मालिकेचे कॅमेरामन आता खूप म्हातारे झालेत. आपल्या पुस्तकाबद्दल ऐकून त्यांनी एक जुनी टेप पाठवली. देवळाच्या पायरीवरचा तो शॉट, न कापलेला. आवाजासकट. तुम्ही बघावा की नाही, मला कळत नाहीये."

तो शॉट कुणाला ठाऊक नव्हता! चिमी पायरीवर बसून रडते आणि रडता रडता समोर हात पसरते. त्याच्यावर चारुताला बक्षीस मिळालं होतं. चिमी देवाकडे बाप मागते आहे, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं होतं. तो हात कुणी सुचवला, असं विचारलं की चारुता सांगे, दिग्दर्शकांनी. तिला आठवत नव्हतं.

"लाव," ती म्हणाली.

फोनवर आठ वर्षांची ती दिसली. परकराची किनार चाळवत बसलेली. काका तिच्या कानाशी वाकले, इतक्यात बाजूने चपलांचा आवाज आला. चौकटीच्या कडेला आईचं हिरवं लुगडं. आई धापा टाकत होती.

"चारू, चाल मा. तुहे बाबा गेले."

मग एक पुरुषी, दबका आवाज. "चालू ठेव. कट नको करू."

पोरीचा चेहरा हळूहळू रडवेला होत गेला. तिने डोळे मिटले नाहीत. कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. हुंदका ओसरला, तशी तिने नाक पुसलं, आईकडे हात पसरला, आणि मालिकेत जिथे सतारीचे सूर घातले होते तिथे स्वच्छ ऐकू आलं,

"आज दोन दे ना. एक बाबाले न्याचं हाय."

कुणी काही दिलं नाही. "कट!" टाळ्या. हात तसाच. आणि आई खाली, फरशीवर, मटकन बसलेली.

चारुताला काही ऐकू येईनासं झालं. खिडकीबाहेर काहीतरी बदललं होतं, पण काय ते तिला उमगेना. मग उमगलं. स्टँड गप्प झालं होतं. माईकचं बटण तिने बंदच केलं नव्हतं. कर्ण्यांतून ते लेकरू साऱ्या स्टँडभर बोललं होतं.

चहावाला तानबा किटली घेऊनच खिडकीशी आला. "कोनाचं लेकरू हरवलं का वो, म्याडम? बापाले बोलावून राह्यलं बिचारं. मी पाह्यतो फलाटावर."

चारुताने बटण दाबलं.

"नाही, तानबाभाऊ," ती म्हणाली. "सापडलं."

दुपारची ड्युटी तिने सहकाऱ्याच्या हवाली केली. गुंजन सोबत यायला निघाली, तर तिने तो शॉट आपल्या फोनवर मागून घेतला आणि एकटीच निघाली.

घरी देवकाबाई ओटीवर कापसाच्या वाती वळत बसल्या होत्या. लेकीला अवेळी पाहून त्यांचा हात थांबला.

"काऊन वो? जीव बरा नाई का?"

चारुताने फोनवर तो शॉट लावला आणि त्यांच्यापुढे ठेवला. आईने मालिका कधी पाहिली नव्हती. लागली की उठून जायची. आज ती उठली नाही. शेवटपर्यंत पाहून तिने फोन उलटा ठेवला आणि मांडीवरची वात उगीचच पुन्हा पिळली.

"सेलूहून फोन आला ऑफिसात," ती म्हणाली. "मी तशीच धावली. मले का माहीत कॅमेरा सुरू हाय! न् ते लोक तुले रोज काय सांगत, तेही मले माहीत नोतं. तुनं हात केला तवा समजलं. गाडीत मी तुले सारखी सांगून राह्यली, चारू, हे खरं हाय. तू म्हने, हो, मले माहीत हाय, अन् हसे."

"मग घरी मी फाटकाकडं कोनाले पाहून राह्यलती?"

"त्या काकाले. तो येईन न् म्हनन, खोटं होतं. मले इचारे तू, कवा येते म्हनून. तेरवी झाली तरी इचारे."

चारुता भिंतीला टेकली. वर्षानुवर्षं ती ज्या दगडाला आपलं काळीज समजत होती, तो दगड नव्हताच. ती रडली होती. अख्ख्या राज्याने पाहिलं होतं. फक्त तिलाच कुणी सांगितलं नव्हतं.

"मले काऊन नाई सांगतलं, आई?"

"कसं सांगू? तू इसरली होती. मी म्हटलं, देवानं इसरवलं तर मी काऊन उकरू?" देवकाबाईंनी लेकीचा तळवा हातात घेतला, पाहिला, सोडला. "त्या हातावर ठेवाले मह्यापाशी काही नोतं. तवापासून गोड नाई गेलं घशाखाली."

बाबांचा शेवटचा फोन मात्र चारुता कधीच विसरली नव्हती. कोल्हापूरच्या बूथमध्ये खुर्चीवर चढून ती बोलली होती. बाबा हसून म्हणाले होते, "सारी चाकलेटं तूच खाऊन राह्यली का वो? एक मले आनजो." आणि ती म्हणाली होती, "आनतो, बाबा. पक्कं."

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. देवकाबाईंची पूजा चालू असतानाच ती कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आली. आईने घंटा खाली ठेवली आणि तिच्या मुठीकडे पाहिलं.

"पवनारले?"

"हो." बाबांच्या अस्थी तिथेच, धाम नदीत सोडल्या होत्या.

"दोन्ही पान्यात नको टाकजो. एक तुह्यं हाय."

"आन् तू, आई?"

"महा नेम हाय तो. राहू दे." त्यांनी निरांजनावरून हात फिरवून लेकीच्या तोंडावरून उतरवला. "जाय. ऊन चढते."

स्टँडवर दुसऱ्याच आवाजात वर्ध्याच्या गाडीची घोषणा चालली होती. चारुता खिडकीशी बसली. कंडक्टर मुकेश तिकीट फाडत आला आणि थबकला.

"अरे, म्याडम! आज तुमी पाशिंजर? काय देऊ?"

"वर्धा. तिथून पवनारची गाडी पकडतो."

डाव्या हाताने तिला पैसे काढता येईनात. पर्स घसरली, नाणी मांडीवर सांडली. मुकेश म्हणाला, "उजवा हात मोकळा करा ना, म्याडम."

ती डाव्या हाताने एकेक नाणं वेचत राहिली. उजवी मूठ तिने उघडली नाही.