आपण म्हणजे नक्की कोण?

जिना, खाली जाणारा

पहिला बार जमिनीखाली होता आणि त्याच्या डोक्यावर पोहण्याचा तलाव. छत काचेचं. वर कोणीतरी एकटंच पोहत होतं. त्याची सावली टेबलांवरून, ग्लासांवरून, तिघांच्या चेहऱ्यांवरून संथ सरकत गेली आणि तिघंही क्षणभर ओली झाल्यासारखी दिसली.

तिघं म्हणजे फुंक्या, भूलबाई आणि तिसरा. तिसऱ्याला काय म्हणायचं, हाच तर सगळा घोळ होता.

फुंक्या पाट्यांसाठी निऑनच्या नळ्या वाकवतो. काच ज्योतीवर मऊ झाली की हलकी फुंकर मारत राहायची, नाहीतर वळणावर नळी चेपते. म्हणून फुंक्या. भूलबाई ऑपरेशनच्या आधी माणसांना झोपवते. तिसरा लिफ्ट दुरुस्त करतो. जाड चष्म्यामुळे कॉलेजात तो या दोघांचा ढापण्या होता. मग ढापण्याचं आणि फुंक्याच्या ताईचं जमलं, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी आईने फुंक्याला कोपऱ्यात घेतलं. "उद्यापासून ढापण्या म्हणालास तर जीभ हासडीन. भाऊजी म्हणायचं. अहो म्हणायचं."

म्हणायला लागला बिचारा. अहोच्या मागोमाग शिव्या गेल्या, खांद्यावरचा हात गेला, वेळी-अवेळी दार बडवणं गेलं. घरात जावई आला आणि मित्र कुठेतरी नाहीसा झाला.

आज सकाळी ताईचा आणि त्याचा घटस्फोट झाला. दुपारी ताई फुंक्याच्या वर्कशॉपमध्ये आली, स्टुलावर बसली, ज्योतीकडे बघत राहिली. म्हणाली, "तो आधी तुझा मित्र होता. खुशाल भेट. फक्त त्याला भाऊजी म्हणू नकोस. ते संपलं."

फुंक्याला आतल्या आत आनंद झाला होता, लाज वाटावी असा. ढापण्या परत मिळणार! आणि आता तोंडातून शब्द फुटेल तर शपथ.

न बोललेलं

मी येतो.
तू येतोस.
तुम्ही येता.
यायचं.

शेवटचं सगळ्यांत सोयीचं. त्यात माणूसच नाही.

"पाणी हवंय का?" फुंक्याने हवेला विचारलं.

"हवंय," हवा म्हणाली. चष्मा पुसत.

"अजून एक मागवायची?"

"मागवू या."

"हे काय चाललंय?" भूलबाई म्हणाली. "तोंडात काय बोळा कोंबलाय तुझ्या? चला उठा. आज एकाही ओळखीच्या दारात शिरायचं नाही."

मधला रस्ता, मधला बार

रस्ता धुक्याने भरला होता. दिवे होते, खांब नव्हते. भूलबाई पुढे, तिच्या चपलांचा आवाज मागे. एक दार उघडलं आणि आत सगळं निळं: भिंती निळ्या, बर्फ निळा, कोपऱ्यात चेलो वाजवणाऱ्या बाईचे दात निळे. तिची धून सुरू कधी होते आणि संपते कधी, कळत नव्हतं. बहुतेक ती संपतच नव्हती. लोकच येत-जात होते.

तिथे फुंक्याला शब्द सापडला.

"आपण रम घेणार ना?" त्याने विचारलं.

तिसऱ्याने मान वाकडी केली. "आपण म्हणजे?"

"आपण म्हणजे... आपण."

"आपण तिघं, का आपण म्हणजे मी?"

"दोन्ही."

"दोन्ही एकदम कसं असेल रे?"

"ढगात आहे तो, सोड," भूलबाई म्हणाली. "माझ्या टेबलावर माणसं अशीच बोलतात. परवा एक आजोबा मला म्हणाले, आपण किती सुंदर आहोत. म्हटलं, आजोबा, तुमचं तुम्ही बघा."

तिघं हसली. हसता हसता तिसऱ्याने फुंक्याच्या पाठीवर थाप मारली, तशीच, जुनी. फुंक्याच्या घशाशी 'अरे' आला. तिथेच तरंगत राहिला, काचेवरच्या पोहणाऱ्यासारखा, आणि मग उलटा फिरून खोल गेला.

उलटी अक्षरं

तिसरा बार फुंक्याने बाहेरून पाहिलाच नाही. भूलबाईने दोघांना ढकलत आत नेलं. बसल्यावर त्याची नजर खिडकीकडे गेली. काचेवर जांभळी अक्षरं, त्याची स्वतःची. आतून उलटी दिसत होती. पण नळी वाकवतात ती उलट्या नकाशावरच, मागच्या बाजूने. म्हणजे जगाला उलटी दिसणारी ही अक्षरं फुंक्याला टेबलावर असतात तशीच, सरळ दिसली. वर्कशॉपच रात्रीतून चालत इथे आल्यासारखं त्याला वाटलं. ताई स्टुलावर बसलेली असेल, आत्ता, त्या खिडकीपलीकडे.

"भाऊजी, ते बघा! माझं काम!"

निघून गेलं तोंडातून.

चेलो इथे नव्हता, तरी काहीतरी थांबल्यासारखं झालं. भूलबाईने दाण्यांची वाटी उगाच गोल फिरवली.

"चुकलो," फुंक्या म्हणाला. "सवयीने आलं. सॉरी... ढापण्या."

आला एकदाचा शब्द. आणि तिसऱ्याचा चेहरा उजळण्याऐवजी विझला. तो उठला, चष्मा टेबलावर तसाच ठेवून बाहेर गेला.

"त्याचा नंबर भिंगाशिवाय रस्ता दिसायचा नाही इतका आहे," भूलबाई म्हणाली. "पळ."

पायरी

तो लांब गेलाच नव्हता. शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता आणि त्याच्यावर जांभळा उजेड पडला होता. फुंक्याने चष्मा त्याच्या हातात दिला. भूलबाई मागून आली, खांबाला टेकली. "मी इथे नाहीये. मी झोपलेय," तिने जाहीर केलं.

"मला वाटलं, ढापण्या म्हटलं की बरं वाटेल," फुंक्या म्हणाला.

"मलाही वाटलं होतं." त्याने चष्मा घातला नाही. "पण तू म्हणालास आणि एकदम असं झालं, की मधलं काही घडलंच नाही. मी कॉलेजातून निघालो आणि थेट या पायरीवर. तुझे बाबा मला विचारायचे, लिफ्ट मधेच अडकली तर हवा कुठून येते, दर वेळी तेच. जेवायला माझी खुर्ची होती. लग्न मोडलं, रे. मोडायलाच हवं होतं, मी काही धड वागलो नाही. पण ते झालं होतं ना? भाऊजी म्हणणारा तू एकटाच होतास. तू पण थांबलास तर मला कोण सांगेल, की झालं होतं?"

धुकं दोघांच्या मधून वाहत गेलं.

"ताई म्हणाली, तेवढं म्हणू नकोस."

"मलाही म्हणाली. तिचं बरोबर आहे."

फुंक्या उभाच राहिला. आख्खी रात्र तो ज्या अरेसाठी झुरला होता तो इतका जवळ होता, आणि समोरचा माणूस नेमका दुसराच शब्द मागत होता, ताईने नाही म्हटलेला. उद्या ताईला सांगावं लागेल. तोंडावर. ती ज्योतीकडे बघत बसणार नाही, चांगलं फैलावर घेईल, आणि त्याला ऐकून घ्यावं लागेल, कारण तिचं बरोबरच असेल.

त्याने श्वास घेतला, हळूच सोडला.

"भाऊजी," तो म्हणाला, "सरक."

खांबाला टेकून झोपलेल्या भूलबाईने एक डोळा उघडला. "हे कुठलं व्याकरण?"

भाऊजी सरकला.