खाली कुणी नसेल तिथे

रंगारआळीत एक नियम होता आणि तो कुणाला मुद्दाम शिकवावा लागत नसे. रंगवलेलं कापड खंगाळायचं ते वस्तीच्या खालच्या अंगाला. वरच्या अंगाला लोक प्यायचं पाणी भरतात, तिथे रंगाचा हात बुडवायचा नाही. या नियमानंच त्या दिवशी रंगारीण वाचली. नवऱ्यानं सात महिने खपून केलेला रंग भांड्यातून बाहेर निघाला, तेव्हा ती शेवटच्या घराच्याही पलीकडे गुडघाभर पाण्यात उभी राहून कुणाचे तरी पडदे खंगाळत होती.

ती परत आली तेव्हा आळी चिडीचूप होती. चुली पेटलेल्या, भांडी उतू चाललेली, आणि हलत कुणीच नव्हतं. तिच्या अंगणात सतरा माणसं दाटीनं उभी होती. शेजारचा धोबी, त्याची बायको, रस्त्यानं जाणारा एक सुतार हातातल्या करवतीसकट. सगळ्यांची तोंडं वाळत घालायच्या दोरीकडे. तिला आधी दिसली ती ही तोंडंच. त्यांच्यावर कसलीशी झाक पडली होती. तांबडी म्हणावी तर तांबडी नव्हती, निळी म्हणावी तर निळीही नव्हती. लग्न होऊन आल्यापासून शेकडो छटा तिच्या हाताखालून गेल्या होत्या, त्यांतली ती एकही नव्हती. आणि चेहऱ्यांवर भीतीचा मागमूस नव्हता, हाच तर घात होता. देव समोर उभा राहिला तर माणूस जसा दिसेल, तसे ते सतराजण दिसत होते. नवरा सगळ्यांत पुढे.

तिचीही मान वळायला लागली. अर्धी वळलीसुद्धा. मग तिनं हातातला ओला पडदा डोक्यावरून ओढून घेतला, उलट्या पावलांनी दोरीपाशी गेली आणि चाचपडत ते हातरुमालाएवढं कापड खेचून पडद्यात गुंडाळलं.

कापड झाकलं गेलं, पण माणसं सुटली नाहीत. जिथे ते होतं तिथेच बघत राहिली. ज्यानं त्यानं आपापलं माणूस हाताला धरून घरी नेलं, तर ती भिंतीकडे बघत बसली. नवऱ्याला घास भरवला की तो गिळायचा, नाही भरवला तर मागायचा नाही. समोर बायको आहे की आई, याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. पंधरा दिवसांत त्याच्या मनगटाचं हाड वर आलं.

आळीतल्या सगळ्यांत जाणत्या विणकरीण आजींचं म्हणणं पडलं की रंग आहे तोवर माणसं त्याचीच राहणार. रंगच नाहीसा केला पाहिजे. कापडाचा एक धागा त्यांनी आधीच चुलीत टाकून पाहिला होता. धागा जळाला, पण जाळाला तो रंग चढला आणि आजींची सून तेव्हापासून चुलीसमोरून उठली नव्हती. पुरायचं तर मुळांतून वर येणार, कुठल्या फुलात उमलेल सांगता येत नाही. उरलं पाणी. भरपूर पाण्यात धुवायचं, इतक्या की त्याचं तेज मरून जाईल. पण ते पाणी खाली कुणाच्या तरी घागरीत जाणार. म्हणून जिथे खाली कुणी नसेल, तिथेच धुवायला हवं.

एका पितळी डब्यात ते कापड ठेवून झाकणाची फट मेणानं बुजवली आणि रंगारीण निघाली. सासूबाईही निघाल्या. गुडघे धरलेत, तुम्ही घरी थांबा, असं तिनं दहादा सांगून पाहिलं. सासूबाईंनी अकराव्यांदा पायात वहाणा सरकवल्या आणि म्हणाल्या की पोरगा माझा आहे, गुडघ्यांनी त्यात पडू नये. धोब्याच्या म्हाताऱ्या आईनं सगळ्यांची भरवाभरवी अंगावर घेतली.

नदीच्या काठाकाठानं दोघी उतरत गेल्या. गाव आलं की रंगारीण शेवटच्या घराशी जाऊन विचारायची, खाली कुणी आहे का? असायचंच. त्या गावाखाली वाडी, वाडीखाली वीटभट्टी, भट्टीखाली पुन्हा गाव. आपल्या आळीतून खालच्या अंगाला सोडलेलं पाणी आजवर कुणाकुणाच्या घरात गेलं असेल, हे तिच्या पहिल्यांदाच मनात आलं आणि तिनं मान खाली घातली. सासूबाईंना इतकं खोल जायचं नव्हतं. त्या एकेका गावात आपल्या मुलाची हकिकत सांगायच्या, वाटेची शिदोरी मिळवायच्या आणि ती खाताना तिखट कमी पडलं म्हणायच्या.

एके दुपारी होडीतून पलीकडे जाताना उन्हानं मेण मऊ पडलं. झाकणाच्या कडेतून केसाएवढी रेघ बाहेर आली आणि पाण्यावर पडली. रंगारिणीनं डोळे मिटून घेतले, तरी कानांना कळलं. पाण्याचा आवाज थांबला होता. पापणी किलकिली करून तिनं दुसऱ्या बाजूला पाहिलं, तर नदीच्या तळातले मासे वर आले होते. शेकड्यांनी. लहान मोठे, एकमेकांना खाणारे, सगळे अंगाला अंग लावून होडीभोवती थांबलेले, तोंडं वर, कल्ले न हलवता. नावाड्याची मान वळणार इतक्यात सासूबाई उठल्या आणि सरळ डब्यावर जाऊन बसल्या. वर नावाड्याला म्हणाल्या, "वल्हव बाबा निमूट. माझ्याकडे टक लावून बघायचे दिवस गेले आता."

नावाडी हसला आणि वल्हवू लागला. मासे हळूहळू खाली गेले.

बाविसाव्या दिवशी वाळू लागली. शेवटच्या झोपडीतल्या कोळणीनं सांगितलं की इथून खाली माणूस नाही. दोघी टेकाडावर चढल्या आणि तिथेच थबकल्या. समुद्र त्यांनी ऐकला होता, पाहिला नव्हता. एवढं पाणी असेल असं सांगून कुणी पटवलं नसतं. त्याला काठ एकच होता. सासूबाईंचे हात आपोआप जोडले गेले. बोलणं थांबत नसे अशा त्या बाईचं बोलणं थांबलं.

रंगारीण पाण्यात उतरली, डबा मांडीशी धरला आणि सवयीनं ओंजळीतलं पाणी जिभेला लावलं. कुठल्याही पाण्यात कापड घालण्याआधी रंगारी ते चाखतोच. ती तशीच उभी राहिली. मग मागे फिरली.

सासूबाईंना आधी कळेना. त्यांनी हाक मारली, मग चिडल्या, मग त्यांचा आवाज फाटला. "अगं, तिकडे माझं लेकरू वाळत चाललंय. आलीयेस ना इथवर? टाक ते एकदाचं."

"आई, हे खारट आहे," ती म्हणाली. "मिठाच्या पाण्यात आपण कापड कशाला घालतो?"

नवं रंगीत कापड मिठाच्या पाण्यात भिजवतात ते रंग जाऊ नये म्हणून, हे कुठलीही गृहिणी सांगेल. इथे बुडवला असता तर तो रंग जन्माचा पक्का बसला असता, आणि एवढ्या मिठात आणखी कशाकशावर चढला असता, देव जाणे. गोडं पाणी होतं तिथे खाली माणूस होता. माणूस नव्हता तिथे पाणी खारं होतं. सासूबाई मट्‌कन वाळूत बसल्या. रंगारीण त्यांच्या शेजारी बसली. दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कुणी कुणाला गप्प करत नव्हतं. ऊन मी म्हणत होतं.

बऱ्याच वेळानं सासूबाई पुटपुटल्या की सावली बघ कुठेतरी, डबा तापतोय, रंगाला ऊन लागलं तर...

आणि त्या थांबल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. अख्खी आळी जन्मभर रंगाला उन्हापासून जपत आली होती. सावलीत वाळवायचं, उलटं करून वाळवायचं. रंग उन्हानं मरतो, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच ते एकालाही सुचलं नव्हतं.

कोळणीला त्यांनी टेकाड ओलांडून इकडे पाऊल टाकू नकोस म्हणून बजावलं. सासूबाई रोज वर झऱ्यावर जाऊन गोडं पाणी आणत आणि कापडाकडे पाठ करून तिच्याशी ठेवत. रंगारिणीनं डोळ्यांवर फडकं घट्ट बांधलं, कापड वाळूवर पसरलं आणि भिजवायचं, वाळू द्यायचं, उलटायचं, पुन्हा भिजवायचं, असा धोशा लावला. थेंब पडत ते वाळूतच जिरत. कापड ओलं किती, सुकं किती हे तिच्या बोटांना दिसत होतं. तिन्हीसांजेला ते डब्यात, उजाडलं की वाळूवर.

पहिल्याच दिवशी पाखरं आली. पंखांचा मोठा फडफडाट झाला आणि मग काहीच नाही. हात लांबवला की तिच्या बोटांना ऊबदार पिसं लागत. ती तिच्याभोवती रांगेनं बसली होती आणि एकही ओरडत नव्हतं. समुद्राच्या काठी बसून तिला फक्त लाटा ऐकू येत होत्या. चौथ्या दिवशी पिसांखालची हाडं हाताला लागू लागली. तिला नवऱ्याचं मनगट आठवलं. ती पुटपुटली, थोडं थांबा रे, आणि कापड उलटलं.

नवव्या दिवशी दुपारी एक पाखरू ओरडलं. मग दुसरं. मग सगळं आभाळ एकदम उठल्यासारखा आवाज झाला, वारा तिच्या तोंडावर आला आणि ती फडफड समुद्राकडे निघून गेली.

तिनं फडकं सोडलं. वाळूवर पांढरं कापड होतं, जुन्या चादरीसारखं विटलेलं. तिनं ते उचलून उन्हात धरलं. एका कडेला दुमडीची शिवण होती. आत ऊन पोचलं नव्हतं, हे तिच्या ध्यानात यायच्या आधीच अंगठ्यानं शिवण उकलली गेली.

नखाएवढा होता. तेवढाच उरला होता.

तिला वाटलं, आपण आजवर पाहिलं ते सगळं या एका गोष्टीची तयारी होती. पहाट, जाळ, आई, तान्ह्या बाळानं पहिल्यांदा उघडलेले डोळे, सगळं याच्याकडे बोट दाखवत होतं. मागे लाट फुटली ती तिला ऐकू आली नाही. घर, नवरा, आपलं नाव, हे सगळं फार लांब कुठेतरी चांगलं होतं आणि त्याची आता काही गरज वाटत नव्हती. एवढं देखणं असावं आणि ते तिच्या नवऱ्याच्या हातून व्हावं. तिचे डोळे भरून आले, तरी तिनं पापणी लवू दिली नाही.

मग एक खडबडीत तळवा डोळ्यांवर आला. त्याला तुरटीचा वास होता. "मिट," सासूबाई कानाशी म्हणाल्या. त्यांनी स्वतःची मान दुसरीकडे वळवलेली होती, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. "मी धरलंय. मिट गं."

आयुष्यात तिनं उपास केले होते, मौनाचं व्रत केलं होतं, पण डोळे मिटण्याइतकं अवघड काही केलं नव्हतं. तिनं ते मिटले. हात मात्र तसाच उन्हात धरून ठेवला, उकललेली कड वर करून. किती वेळ गेला ते दोघींनाही सांगता आलं नाही. ऊन हातावरून खांद्यावर आलं. सासूबाईंचा हात निघाला नाही. मग तिला पुन्हा लाटा ऐकू येऊ लागल्या.

परतीची वाट चढणीची होती. गावोगाव लोक विचारत आणि त्यांना काही सांगता येत नव्हतं, कारण खरं काय झालं ते घरी गेल्याशिवाय कळणार नव्हतं. आळीच्या तोंडाशी सुतार भेटला. दार बसवत होता. सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग गुडघे विसरून धावल्या.

नवरा अंगणात भांड्यापाशी उभा होता. नुसता सांगाडा, पण ढवळत होता. एकाच दुपारी सगळी माणसं जागी झाली होती, भिंतीसमोर आपण का बसलोय म्हणून एकमेकांना विचारत. आईनं त्याच्या गळ्यात पडून त्याला शिव्या घातल्या. मग ती खायला करायला आत गेली.

तो बायकोकडे बघून हसला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं. रंग केला एवढं आठवत होतं, सात जिनसांपैकी सहा आठवत होत्या, रंग मात्र आठवत नव्हता. छटा सांगितलीस तर सातवी सापडेल. हात लावणार नाही, नुसतं कळू दे.

"तू पाहिलास?"

"पाहिला."

"कसा होता?"

तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. ते हात तिला माहीत होते. कळलं की ते करणार. आता तो रंग साऱ्या जगात एकाच जागी उरला होता, आणि ती जागा तिच्या ताब्यात होती.

"तुम्ही काय केलं होतं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही," ती म्हणाली. "पण सांगणार नाही. उद्याही नाही."

मग त्यानं काठी पुन्हा फिरवली. भांड्यात साधा निळा होता, चादरींचा. तिनं सुकी लाकडं पुढे सारली आणि दुसऱ्या बाजूनं काठीला हात लावला.