गळ्यावर टाका नाही

“हनुवटी वर करा वहिनी. अजून वर,” म्हणत माझ्या नणंदेनं, सुलभावन्संनी, माझा गळा खिडकीकडे वळवला, बाजारात भोपळा उलटापालटा करून बघावा तसा. “अय्यो! टाका कुठाय? कॅन्सरचं ऑपरेशन अन् टाकाच नाही?”

मी कुजबुजले, “ओठाच्या आतून काढलं, वन्सं. दुर्बिणीनं.”

“काहीतरीच! ओठातून गळ्याची गाठ निघते होय? आमच्या नामपल्लीतल्या एकीला इथून तिथपर्यंत टाके होते. फसवलं तुम्हाला!”

एरवी मी वन्संना असं सोडलं नसतं. बेगम बाजारात मिरचीच्या दुकानावर जन्म गेला माझा. रस्त्यापलीकडच्या हमालाला बसल्या जागी हाक मारणारी बाई मी! पण ऑपरेशननंतर आवाज चढवायची हिंमतच होईना. आत काही तुटलं तर? सकाळीच डॉक्टरांनी नाकातून नळी घालून बघितलं होतं. “अम्मा, गाठ पूरी निकल गई, रिपोर्ट अच्छी है. आवाज की नस भी सलामत. खुल के बोलो,” म्हणाले. मी हौ हौ केलं आणि घरी येऊन पुन्हा कुजबुजू लागले.

जीव तुटायचा तो ह्यांच्यासाठी. ह्यांना ऐकू येत नाही. कानातलं मशीन नुसत्या शिट्ट्या मारतं. फक्त माझा आवाज पोचायचा ह्यांच्यापर्यंत, तोही बंद झाला. बिचारे दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. सगळं ठीक आहे, असं मी सकाळी खुणेनं सांगितलं. ह्यांनी मान हलवली, पण काही पटलेलं दिसलं नाही.

तेवढ्यात हे चहा घेऊन आत आले. वन्संनी माझ्या गळ्याकडे बोट दाखवलं, टाका नाही म्हणून नकारार्थी हात हलवला आणि कपाळ बडवून घेतलं. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. चहा बशीत सांडला.

ह्यांना वाटलं, मी आता राहत नाही. मेली ती नस, तुटायची तर तुटू दे!

“अहो!” नुसती खरखर निघाली. मग छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, “अहो, गाठ निघाली! सगळी निघाली! मी कुठं जात नाही!”

वन्सं दचकून मागे सरकल्या.

ह्यांनी कप खाली ठेवला, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. डोळे भरून आले होते.

“पुन्हा म्हण,” म्हणाले.

ऐकू आलं होतं त्यांना. तरी मी पुन्हा म्हटलं.