चौथं चाक

“बोटानं फिरला तर आपला, पान्यानं फिरवावा लागला तर परका.”

हे बाबांचं वाक्य. ताईनं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि दुकानातल्या रचलेल्या टायरांवर पाय हलवत बसली होती. बाबा गाडीखाली आडवे होते. त्यामुळे आवाज जमिनीतूनच आल्यासारखा आला. बोलत होते ते चाकाच्या नटाबद्दल, पण ऐकणाऱ्याला वाटावं की घरात येऊ घातलेल्या सोयऱ्याबद्दल चाललंय. चाक गाडीचंच असेल तर नट दोन बोटांनी सुरसुर आत जातो. मध्येच अडला तर जोर करायचा नाही. चाक उतरवायचं आणि त्याला विचारायचं, बाबा रे, तुला कुठं सलतंय?

पोरीच्या ध्यानात राहावं म्हणून बाबांनी त्याचं गाणंही केलं होतं. दुसऱ्या गाडीची चाकं बसवायला कुणी आलं की दोघं ते म्हणत आणि गिऱ्हाईक बघत राही.

पहिलं माप घ्यावं भोका-भोकांमधलं,
दुसरं माप घ्यावं चाकाच्या पोटातलं,
तिसऱ्याला वळवून बघ, घासतंय का अंग,
चौथा नट म्हणतो, बाई, आधी बोटानं सांग.

बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. दुकान ताईनं चालवलं, आणि असं चालवलं की लोक दोन दुकानं ओलांडून तिच्याकडे येत. चाक ताईनं बघितलंय एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नसे.

त्या दिवशी सकाळी शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात दाराशी गाडी थांबली. हळू थांबली. उतरणाऱ्यानं दारही हळू लावलं.

“ताई, आहेस का?”

तिचा धाकटा भाऊ होता. घरात त्याला सगळे वादळ म्हणत. नाव बाबांनीच पाडलेलं. लहानपणी तो शाळेतून आला की बाबा ओरडत, “वादळ आलं, कपबश्या उचला!” मोठेपणीही तो तसाच राहिला. बोलत बोलत यायचा, येता येता काहीतरी पाडायचा, आणि पाडलेलं उचलताना असा विनोद करायचा की रागावणारा हसून जाई. आत येण्याआधी आहेस का म्हणून विचारण्याची पद्धत त्याला माहीत नव्हती. गेल्या आठ महिन्यांत तो ती शिकला होता.

मागच्या दारातून आई उतरली. उजवा हात पोटाशी धरून.

“बस ना आई,” ताईनं खुर्ची पुसली.

“बसते. येताना बसनंच आले असते. हा म्हणाला, माझ्याच गाडीतून चल, ताईला चाकं बघू दे, मग परत जाताना तरी निर्धास्त बसशील. आत्ता आले ते जीव मुठीत धरून. तू हो म्हणालीस तर बसेन बाई परत. तुझं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ह्याचं काय, पाण्यावरचं लिहिणं.”

वादळ हसला. पूर्वी त्यानं परतफेड केली असती. आता नुसता हसला आणि खिशातून एक छोटी वही काढली.

आठ महिन्यांपूर्वी ह्याच जागी ताईनं त्याच्या गाडीला चार जुनी अलॉयची चाकं बसवली होती. त्या गाडीतून तो दहा-बारा मुलांची दोन खेपांत शाळेला ने-आण करी. मुलं म्हणाली होती, काका, गाडी जरा झोकदार करा. म्हणून चाकं. चारी एकाच नक्षीची, एकाच ढिगातून घेतलेली. दुकानात तेव्हा तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि वादळ त्यांना बहिणीची नक्कल करून दाखवत होता: ताई जुनं चाक विकत घेताना ते कसं कानाला लावते, वास घेते, आणि मग विकणाऱ्याकडे असं बघते की बिचारा स्वतःहून किंमत उतरवतो. गिऱ्हाइकं पोट धरून हसत होती. ताई मात्र हसत नव्हती. तिचे कान तापले होते. हा एकदाचा जावो, एवढंच तिच्या मनात होतं.

तिनं पहिल्या चाकाचं माप घेतलं. बरोबर आलं. बाकीची तीन तिनं मोजली नाहीत. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय.

बारा दिवसांनी पुलाच्या वळणावर गाडीचं मागचं डावं चाक निघालं. आई मागं बसली होती; डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाली होती. पुढं ती हा प्रसंग सगळ्यांना सांगायची: “खिडकीतून बघते तर एक चाक आमच्या पुढं पळतंय! म्हटलं, अगंबाई, हे कुणाचं? तर आमचंच!” ऐकणारे हसत. मग ती मनगट दाखवी. गाडी कठड्याला घासली तेव्हा ते मोडलं होतं, जुळलं ते वाकडंच. चाळीस वर्षं तिनं शिंप्यांची काजं-बटणं केली होती. आता तिला बाटलीचं झाकणही फिरवता येत नसे. ती बाटली निमूटपणे शेजारच्याच्या पुढं सरकवी.

आणि गोष्टीच्या शेवटी ती म्हणे, “ताईनं सांगितलं होतं ह्याला, पन्नास किलोमीटर झाले की ये, नट पुन्हा आवळून देते. गेला नाही. वादळच ते.”

हे खरं होतं. ताईनं सांगितलं होतं आणि तो विसरला होता. कुणी दुसरं काही विचारलंच नाही. घरात सांडलं-मोडलं की नाव कुणाचं घ्यायचं हे तीस वर्षांपूर्वीच ठरलेलं होतं. त्यानंही मान खाली घालून ते घेतलं. मुलांच्या आईबापांनी एकेक करून मुलं काढून घेतली, आणि तो एका गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागला.

आता तो वही उघडून उभा होता.

“सोमवारपासून तीन मुलं परत येणार आहेत, ताई. त्यांचे आईवडील म्हणाले, तुमच्या बहिणीनं चाकं तपासून दिली तर पाठवतो. तुझाच शब्द हवा म्हणतात.” त्यानं घसा साफ केला. “मी पण मोजलंय. व्हर्नियर मागून आणला एकाकडून. समोरासमोरच्या भोकांचं अंतर, तिन्ही चाकांचं शंभर मिलिमीटर. गाडीच्या हबचंही, चाक ज्यावर बसतं त्याचंही, शंभर. मधल्या पोकळीत फट भरायच्या रिंगा घट्ट बसतात. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितलं, चारी सीटवर माणसं बसवून. कुठं घासत नाही. बरोबर केलं ना मी?”

“बरोबर,” ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

तिनं जॅक लावला. तिन्ही चाकं एकेक करून उतरवली, फडक्यानं पुसली, मोजली. शंभर. शंभर. शंभर. परत बसवताना नट त्याच्याच हातात दिले. तो गुडघ्यावर बसला आणि दोन बोटांनी नट फिरवत राहिला, ओठ हलवत. ताईनं कान दिला. तो गाणं म्हणत होता. चौथा नट म्हणतो, बाई. त्याला कधी कुणी ते शिकवलं नव्हतं. बाबांनी गाणं ताईसाठी केलं होतं. वादळानं ते दारामागून पाठ केलं असणार.

ताईला मान वर करवेना.

“मागं डाव्या बाजूला ही लोखंडी स्टेपनी लावलीय,” तो उठत म्हणाला. “चारी सारखी असली तर बरं दिसेल. ते चौथं तू ठेवलं होतंस ना माळ्यावर? सरळ होण्यासारखं असलं तर बघू.”

चाक माळ्यावर होतं. पोत्यात बांधलेलं. आठ महिन्यांपूर्वी ते दुकानात आलं तेव्हा ताई एकटी होती. तिनं आतल्या बाजूची काळी काजळी फडक्यानं पुसली आणि खाली ओतीव आकडा दिसला: अठ्ठ्याण्णव. बाकीच्या तिघांची नक्षी, तिघांचा रंग, पण घराणं वेगळं. प्रत्येक भोक एका बाजूला खाल्लं जाऊन अंड्यासारखं झालं होतं. तिनं व्हर्नियर लावला, काढला, पुन्हा लावला. मग पोतं शोधलं.

“ते वाकलंय रे,” ती आता म्हणाली.

“बरं, मग राहिलं,” तो लगेच म्हणाला. “तू म्हणतेस म्हणजे संपलं. दुसरं एक शोधीन. तू तपासशील ना?”

एवढंच. ह्या एका वाक्यावर सगळं मिटत होतं. ना त्यानं शिडीकडे बघितलं, ना पुन्हा विचारलं.

“वाकणार नाही तर काय?” आई खुर्चीतून म्हणाली. “ह्यानं पळवली गाडी, चाक बिचारं काय करील!”

“हो ना,” वादळ म्हणाला. “चाकाची काय चूक. मीच तो.” आणि हसून त्यानं आईची पाण्याची बाटली घेतली, झाकण फिरवून सैल केलं, तिच्या डाव्या हातात दिली.

ताईनं शिडी ओढली.

“अगं, राहू दे,” तो म्हणाला. “धूळ असेल वर.”

ती चढली. पोतं खांद्यावर घेऊन उतरताना तिचा पाय एकदा चुकला, त्यानं खालून धरलं. तिनं गाठ सोडली. चाक दोघांच्या मध्ये फरशीवर ठेवलं आणि व्हर्नियर त्याच्यापुढं धरला.

“मोज.”

“मी? तू असताना?”

“मोज म्हणते ना.”

तो उकिडवा बसला. सावकाश, जीभ दातांत धरून, त्यानं भोकाच्या न झिजलेल्या कडा शोधल्या. आकडा वाचला. पुन्हा लावला. मग आतला आकडा त्याला दिसला आणि त्यानं त्यावरून बोट फिरवलं.

“अठ्ठ्याण्णव,” तो म्हणाला.

“म्हणजे?” आईनं विचारलं.

“म्हणजे हे चाक ह्या गाडीचं नव्हतंच, आई. दोन मिलिमीटरनं.” त्यानं वर बघितलं. ताईचा चेहरा बघून तोच घाईघाईनं बोलायला लागला, जणू पडणारं काहीतरी सावरायचं होतं. “पण दिसतं कुठं गं ते! चारी सारखीच. कुणाच्याही हातून होईल. आणि तू मला बोलावलं होतंस पन्नास किलोमीटरनंतर. मी आलो असतो तर—”

“आला असतास तर मी तेच चाक पुन्हा आवळून दिलं असतं.”

रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं. ताई फरशीवर बसली, चाकाला टेकून, लहानपणी टायरांवर बसायची तशी. आकड्यापाशी थांबता आलं असतं. माणूस चुकतो, म्हणाले असते सगळे. आईनंही म्हटलं असतं. तिनं उजव्या हाताची दोन बोटं पुढं केली, कडेला काळी पडलेली, आणि भावाकडे न बघता आईकडे बघून बोलली.

“आई, मोजलं नाही ही चूक. पण त्याच्या पुढचं सांगायचंय. ह्या चाकाचा पहिला नट मी बोटानं लावला तेव्हा तो अडला. तीन फेरे गेला आणि अडला. दुसराही तसाच. माझ्या बोटांना कळलं होतं. दुकानात सगळे ह्याच्या नकलेवर हसत होते, मला राग आला होता, आणि मी हवेवर चालणारी आवळायची गन लावून चारी नट आत घातले. बाबांचं वाक्य तेव्हा माझ्या कानात वाजत होतं, तरी घातले. आठ महिने तू ह्याला बोलत आलीस आणि मी ऐकत बसले. सोमवारी त्या मुलांच्या आईबापांना मीच जाऊन सांगते. चाक ह्याच्यामुळं निघालं नव्हतं. ते मी बसवलं होतं, बसत नाही हे माहीत असून.”