तासाभराची माणसं

बत्तीस वर्षं बसमध्ये "पुढे सरका, पुढे सरका" ओरडून कंडक्टरांचा आवाज असा झाला होता, की निवृत्तीनंतर घरात त्यांनी साधं पाणी मागितलं तरी शेजारचे दार उघडून बघत. त्यांची मोठी बहीण बाथरूममध्ये घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं आणि सरकारी रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर दाखल झाली. तेव्हापासून ते रोज दुपारी जेवणाच्या वेळी तिच्याजवळ जाऊन बसत.

शेजारच्या खाटेवर एक वाळक्या अंगाच्या आजी होत्या. जेवण वाटणाऱ्या मावशी त्यांच्यासमोर ताट ठेवून पुढे जात, अर्ध्या तासाने ते भरलेलं ताट उचलत आणि म्हणत, "भूक नाही वाटतं आज पण."

तिसऱ्या दिवशी बहिणीला राहवलं नाही. "भूक नाही कसली! हात थरथरतात तिचे. चमचा तोंडापर्यंत जाईस्तोवर रिकामा होतो. मग लाजेपोटी नको म्हणते. तू बघत काय बसलायस? भरव की."

"मी? अगं, मी माझ्या पोरांना कधी भरवलं नाही."

"मग आता शीक."

वॉर्डच्या सिस्टरांनी शिकवलं. आधी खाटेचा डोक्याकडचा भाग उंच करायचा. चमचा अर्धाच भरायचा. गिळल्याचं गळ्यावर दिसल्याशिवाय दुसरा घास द्यायचा नाही. पहिल्या दिवशी वाटीभर सूप संपायला पस्तीस मिनिटं लागली. कंडक्टर घामाघूम झाले. आजींनी तोंड पुसून घेतलं आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "उद्या येणार ना?"

बहीण महिन्याभराने घरी गेली. कंडक्टर मात्र येतच राहिले. पण वॉर्डात अशा सात जणी होत्या, आणि भरवणारे हे एकटे.

"मदतीला माणसं हवीत अशी सूचना लावली आहे आम्ही," सिस्टर म्हणाल्या. "आठ महिने झाले. दोघांनी चौकशी केली, आला कुणीच नाही."

कंडक्टरांनी जिन्याजवळचा कागद वाचला. 'सेवाभावी, संयमी व समर्पित वृत्तीच्या नागरिकांनी संपर्क साधावा.'

"अहो, हे वाचून मीसुद्धा आलो नसतो," ते म्हणाले. "संयमी म्हणे! माझ्या बायकोला विचारा."

दुसऱ्या दिवशी ते बागेत गेले. तिथे संध्याकाळी जुन्या आगारातली निवृत्त मंडळी जमत. कंडक्टर बाकावर उभे राहिले आणि त्यांनी भाषण ठोकलं. समाजाचं ऋण, माणुसकी, काही म्हणून सोडलं नाही. अठरा जणांनी माना डोलावल्या, दोघांनी टाळ्या वाजवल्या. सोमवारी वॉर्डात येतो म्हणालेल्यांपैकी एकही फिरकला नाही.

ते तणतणत बहिणीकडे गेले. ती वॉकर धरून खोलीत चालायचा सराव करत होती.

"तू सगळ्यांना एकदम विचारलंस ना," ती म्हणाली, "मग प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी जाईल. एकेकाला गाठ. आणि समाजाचं ऋण वगैरे ठेव बाजूला. किती वाजता, किती वेळ आणि काय करायचं, तेवढं सांग."

त्यांनी तसंच केलं. कोपऱ्यावरच्या टेलरबाईंना म्हणाले, "वॉर्डातल्या गाऊनच्या नाड्या तुटल्यात. बायका पाठीमागून हाताने धरून चालतात. बुधवारी तीन ते चार याल?" टेलरबाई सुईदोऱ्याचा डबा घेऊनच आल्या. जुन्या तिकीट तपासनिसाला त्यांनी मंगळवारी दुपारी आजींना भरवायचं काम दिलं. तो मोठा खडूस माणूस. पण आजींनी घास गिळला की नाही, हे त्याच्याइतकं बारकाईने कुणीच बघत नसे.

उरला ड्रायव्हर. बावीस वर्षं एकाच बसवर दोघांची जोडी होती. कंडक्टर जेवढे बोलके, तेवढा तो अबोल. चार वर्षांपूर्वी त्याची बायको त्याच रुग्णालयात वारली होती.

"त्या इमारतीत मी पाय ठेवणार नाही," ड्रायव्हर म्हणाला. "मला गळ घालू नकोस."

कंडक्टरांनी तोंडाशी आलेलं भाषण गिळलं. मग म्हणाले, "आत नको येऊस. गाडी आहे ना तुझी? एक बाई आहेत, माझ्या बहिणीच्या मागच्या गल्लीत. शिक्षिका होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. उपचारानंतर पाय लटपटतात, बसमध्ये चढवत नाही. फाटकापर्यंत सोड, फाटकातून घे."

ड्रायव्हरने किल्ली हातात फिरवली. "फाटकापर्यंत," तो म्हणाला.

दीड महिना तो बाईंना नेत-आणत होता. बाई मागे बसून वर्तमानपत्रातल्या चुका मोठ्याने काढत, आणि तो आरशात बघून हसे. मग एका गुरुवारी त्या फाटकाशी उतरल्या, चार पावलं गेल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"चक्कर येतेय," त्या म्हणाल्या. "हात द्याल?"

ड्रायव्हर गाडीतून उतरला. हात दिला. पायऱ्या आल्या, दार आलं, औषधांचा तो वास आला. तो दारातच थबकला.

"इथे कुणी होतं का तुमचं?" त्यांनी विचारलं.

"बायको."

बाईंनी त्याच्या दंडावरची पकड घट्ट केली. आता कोण कुणाला धरून चाललंय, हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. नर्सने बाईंचा रक्तदाब तपासून त्यांना डायलिसिसच्या खुर्चीवर बसवलं, तेव्हा ड्रायव्हर परत फिरला नाही. स्टूल ओढून चार तास तिथेच बसला. बाईंनी त्याला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावलं आणि त्याचे उच्चारही सुधारले.

संध्याकाळी कंडक्टरांना बातमी लागली. ते धापा टाकत आले, तेव्हा ड्रायव्हर फाटकाशी गाडी पुसत होता.

"आत गेला होतास म्हणे?"

"हं."

"कसं वाटलं?"

"रडलो थोडा. पोर्चमध्ये." त्याने फडकं पिळलं. "बाईंशेजारच्या खुर्चीवर एक म्हातारा असतो. त्याला न्यायला-आणायला कुणी नाही. तो बाईंच्या तासभर आधी येतो आणि राहतो दुसऱ्या टोकाला, दोघांना आणणं मला एकट्याला जमायचं नाही."

कंडक्टर काही सुचवणार, तोवर ड्रायव्हरने खिशातून फोन काढला होता.

"मेहुण्याला लावतोय," तो म्हणाला. पलीकडून आवाज आल्यावर त्या अबोल माणसाने सरळ विचारलं, "शनिवारी सकाळी तुझी गाडी उभीच असते ना? आठ ते नऊ, एकच तास. कुणाला आणायचं ते सांगतो, लिहून घे."