तांब्यातलं पाणी

ऑपरेशनच्या जखमेत हिरवा पू झाला की धंतोलीच्या आमच्या ट्रस्टच्या रुग्णालयात एकच नाव निघायचं, भीमाबाईचं. निर्जंतुक पट्ट्यांचा ड्रम वाफेच्या ऑटोक्लेव्हपासून ड्रेसिंगच्या खोलीत ती आणायची, मंगळवारी आणि शुक्रवारी. इतर दिवशी रुखमाबाई. पू झालेल्या सातही जणांचं ड्रेसिंग मंगळवारी किंवा शुक्रवारी झालेलं. चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये पारशिवनीची बाळंतीण जिजाबाई त्यातच गेली आणि भीमाबाईला काढायचं ठरलं.

ती माझ्या प्रयोगशाळेच्या दारात आली. "मले काहून काढून राहिले वं, रामटेके बाई? मी त झाकणही उघडत नाही."

"मग कोण उघडतं, मावशी?"

"शोभा सिस्टर. मी ड्रम ठेवला का आत गंगेचं पाणी शिंपडते. माह्या हाताचा इटाळ जाते म्हणे." ती हसली. "छप्पन साली दीक्षा घेतली, वाटलं सुटलो. इटाळानं काही दीक्षा घेतली नाही."

"आत? पट्ट्यांवर?"

"हो ना. खिडकीतल्या तांब्यातलं."

"आधी का नाही सांगितलं?"

"इचारलं कोणी?"

शुक्रवारी मी शिंपडण्याआधीची एक पट्टी घेतली, नंतरची एक घेतली आणि तांब्यातलं थोडं पाणी. शनिवारी रुखमाबाईच्या ड्रममधली पट्टी. तिच्या ड्रमवर कोणी पाणी शिंपडत नसे. प्रत्येक नमुना जंतू वाढवायच्या वेगळ्या बशीत लावला. दोन दिवसांनी पहिली बशी स्वच्छ, रुखमाबाईची स्वच्छ. उरलेल्या दोन हिरव्यागार.

अहवाल अधीक्षकांसमोर ठेवला. शोभा सिस्टर शेजारीच उभ्या होत्या.

"गंगाजल वर्षानुवर्षं खराब होत नाही," अधीक्षक म्हणाले. "पण तुमच्यात ते ठेवत नसतील."

"बशी बघा, सर."

त्यांनी खुर्ची मागे घेतली. "तुम्ही आणि भीमाबाई एकाच समाजाच्या. लोक काय म्हणतील? 'तांब्या' काढा. 'पाण्यातून संसर्ग' एवढंच लिहा."

"कुठलं पाणी ते लिहिलं नाही, तर पुन्हा कोणीतरी मरेल."

"सिस्टरांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे."

"जिजाबाईला कोणी विचारलं होतं?"

शब्द मी काढला नाही. अहवालाची एक प्रत विश्वस्तांना पाठवली.

तीन आठवड्यांनी आदेश आला. भीमाबाईची नोकरी राहिली, पण संडास सफाईवर. माझी बदली ट्रस्टच्या पारशिवनीच्या दवाखान्यात. तिथे सूक्ष्मदर्शक नाही. आणि तांब्यातील गंगाजल यापुढे वीस मिनिटे उकळून घ्यावे; उकळण्याचे काम रुखमाबाईंनीच करावे.

भीमाबाईला वाचून दाखवलं. तिने शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "म्हणजे पाणी खराब होतं, हे लिहून देल्लं त्याहिनं?"

"दिलं. सहीनिशी."

"मंग ठेव तो कागद."

जिजाबाईचा नवरा शालिकराम पारशिवनीतच राहतो. आदेश आणि अहवाल मी तिकडे न्यायच्या पेटीत सगळ्यांत वर ठेवले.